खाडीची दोरी, समुद्राची दोरी आणि विहिरीची

विहिरीचा दोर विरलाय, बाजारातून सुंभाचा नवा घेऊन या, असं आनंदीबाईंनी रविवारी सकाळी सांगितलं आणि हरिश्चंद्रराव सुर्वे टोपी घालून घराबाहेर पडले. इथपर्यंत त्यांची काही चूक नव्हती. पण कोपऱ्यावर आल्यावर बाजाराचा रस्ता डावीकडे जात होता आणि बदली झालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याचा उजवीकडे. साहेबाचं सामान त्या दिवशी लिलावात निघालं होतं. दोर काय, कुठं पळून जात नाही, नुसतं बघून येऊ, असं मनाशी म्हणून हरिश्चंद्रराव उजवीकडे वळले. (नुसतं बघायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत आल्याचं रत्नागिरीत तरी कोणी पाहिलेलं नाही.)

गोष्ट तेहेतीस-चौतीस सालची. तेव्हाची रत्नागिरी म्हणजे बोट आणि बोटीची वाट बघणं. बोट लागली की अर्धं गाव बंदरावर, आणि बोट नसली की तेच अर्धं गाव बोट कधी येणार हे विचारायला बंदरावर. हरिश्चंद्रराव बंदरावरच्या कचेरीतच कारकून होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांनाच विचारला जायचा आणि ते डोळे बारीक करून समुद्राकडे बघत उत्तर द्यायचे. त्या बघण्यानं लोकांचा असा समज झाला होता की या माणसाला समुद्रातलं बरंच कळतं. हळूहळू हरिश्चंद्ररावांचाही तसाच समज झाला.

साहेबाच्या लिलावात खुर्च्या होत्या, टब होता, काचेची हंडी होती. एका टेबलावर लाकडी पेटी उघडी पडली होती आणि तिच्यात हिरव्या मखमलीवर मासे पकडायची दोन रिळं ठेवलेली होती. एक लहान, पितळेचं, आणि एक मोठं, लाकडाचं. हरिश्चंद्ररावांनी पितळी रिळाची मूठ एकदा फिरवली. कर्रर्र, असा गोड आवाज झाला. त्यांनी पुन्हा फिरवली. त्यानंतर काय झालं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नसे, पण दुपारी ते घरी आले तेव्हा पेटी काखेत होती.

"दोर?" आनंदीबाईंनी विचारलं.

"आधी हे बघ."

आनंदीबाईंनी बघितलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. "हा रहाट झाला," त्या म्हणाल्या. "लहान हाय, पण रहाटच. मी दोर सांगितला होता."

"अगं, रहाट काय म्हणतेस? इंग्लिश रीळ आहे. याच्यावर गरीची दोरी गुंडाळायची. हे लहान खाडीसाठी, हे मोठं समुद्रासाठी."

"आणि विहिरीसाठी?"

"पुढच्या रविवारी," हरिश्चंद्रराव म्हणाले, आणि तेवढ्यापुरतं निभावावं म्हणून त्यांनी विरलेल्या जागी दोराला स्वतःच्या हातानं गाठ मारली. गाठ दिसायला सुंदर होती.

आता, कचेरीतल्या कारकुनाला मासे पकडण्याचं एवढं वेड कशासाठी, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर संगमेश्वरापलीकडच्या एका गावात राहत होतं आणि त्याचं नाव गंगाराम शिंदे. म्हणजे आनंदीबाईंचे वडील. गंगारामआबा पिढीजात शेतकरी; पण शेतीतून वेळ मिळाला की नदीवर आणि नदीवरून वेळ मिळाला तर शेतात, असा त्यांचा क्रम. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी नव्या जावयाला मोठ्या हौसेनं गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, नेलं होतं. हरिश्चंद्ररावांनी आयुष्यातली पहिली गरी जोरात मागं घेतली आणि तितक्याच जोरात पुढं फेकली. पाण्यात गेली ती गरी आणि गरीला अडकलेलं सासऱ्यांचं मुंडासं. गंगारामआबांनी पाण्यात उतरून मुंडासं काढलं, पिळलं आणि पुन्हा बांधलं. फक्त त्या दिवसापासून जावई कुठंही बसला तरी ते त्याच्यापासून हातभर लांब बसत, आणि ते हातभर अंतर हरिश्चंद्ररावांना इतकी वर्षं टोचत होतं.

त्यातच देवरूखच्या बाजूनं आलेल्या एका माणसानं निरोप आणला. भाऊबंदांशी शेताच्या दगडी गडग्यावरून चाललेल्या दाव्याची तारीख लागली आहे, दोन आठवड्यांनी आबा रविवारच्या मोटारीनं येताहेत, मुक्कामाला राहतील. हरिश्चंद्ररावांनी त्याच माणसाबरोबर उलट निरोप धाडला. "मामांना म्हणावं, या. माझ्या हातानं पकडलेली तांबोशी तुम्हाला खाऊ घालतो."

आनंदीबाई आतून म्हणाल्या, "बाजारातून आणलेली सांगा. निदान ती येईल तरी."

रिळं होती, पण दोन्ही रिकामी. साहेबानं जाताना दोरी नेली होती की ती कुजून गेली होती, कोण जाणे. तेव्हा प्रश्न उरला तो दोरीचा. आणि दोरीचा प्रश्न हरिश्चंद्ररावांना वाटला होता तितका साधा नव्हता.

राजिवड्याला मुसा नावाचा त्यांचा जुना मित्र राहत होता. मुसानं तरुणपणी आगबोटीवर खलाशी म्हणून काम केलं होतं आणि जगातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे एकच उपाय होता. "ताग," मुसा म्हणाला. "अवं हरिश्चंदरभाव, तागाची वळलेली दोरी घ्या. भिजली की आणिक जोर धरते. मी आफ्रिकेला असताना तागाच्या दोरीवर मगर धरलेली बगितलीय."

"पण मला तांबोशी पकडायचीय."

"मंग काय, तांबोशी मगरीपेक्षा बारीकच असते." (मुसाला लेंग्याच्या नाडीबद्दल विचारलं असतं तरी त्यानं तागच सांगितला असता.)

तागाची दोरी मुसानं स्वतःच दिली. पण ती पितळी रिळावर चढवली तर चार वेढ्यांत रीळ भरलं. म्हणजे ती मोठ्या लाकडी रिळासाठी, आणि मोठं रीळ समुद्रासाठी. खडकांवर घासली तरी टिकेल, लाटेला दाद देणार नाही. हे हरिश्चंद्ररावांना पटलं. मग लहान रिळाला काय? कचेरीतल्या एका गृहस्थांनी रेशीम सांगितलं. रेशमाची दोरी बारीक, रिळावर भरपूर मावते, हातातून अशी सळसळत सुटते की माशाला पत्ता लागत नाही. फक्त एक, ओली ठेवली तर कुजते, म्हणून वापरून झाल्यावर ताणून वाळवायची. रेशमाची दोरी मुंबईहून बोटीनं मागवली. शिवाय पाणी गढूळ असेल तेव्हा रेशीम वाया घालवणं बरोबर नाही, तेव्हा त्यासाठी सुती दोरी; आणि सुती दोरी टिकायची तर कोळी लोक जाळी रंगवतात तशी ऐनाच्या सालीत उकळलेली.

आता ही साल उकळायची कशात, हा प्रश्न हरिश्चंद्ररावांना पडला नाही, कारण चुलीशेजारी भाताचा टोप रिकामाच होता. आनंदीबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा घरभर कातडी कमावल्यासारखा वास होता आणि टोपात शेवया शिजाव्यात तशी दोरी रटरटत होती. आनंदीबाईंनी टोप राखेनं घासला, मातीनं घासला, चिंचेनं घासला. तरी पुढचे कितीतरी दिवस भात चहाच्या रंगाचा आणि तुरट होत राहिला. पहिल्या दिवशी हरिश्चंद्रराव म्हणाले, "वेगळी चव आहे, छान." आनंदीबाईंनी लगेच आणखी वाढला, आणि तो त्यांना संपवावा लागला.

त्यानंतर रेशीम वाळवणं आलं. (दोरी अजून पाण्यात गेलीच नव्हती. पण मुंबईहून येताना बोटीवर दमट हवा लागली असणार, असा हरिश्चंद्ररावांचा कयास होता.) ती त्यांनी तुळशीपासून पडवीच्या खांबाला, खांबापासून माजघराच्या दाराला आणि तिथून मागच्या पोफळीला ताणली. एवढी बारीक की दिसायची नाही, आणि एवढ्या उंचीवर की बरोबर गळ्याला लागायची. तिला अडकून एक भिक्षेकरी अंगणातूनच परत गेला. शेवटी आनंदीबाईंनी तिच्यावर नवऱ्याचं धोतर वाळत घातलं, म्हणजे निदान दोरी कुठं आहे ते दिसावं.

एवढी तयारी झाल्यावर मासे पकडायला काही हरकत नव्हती. एका संध्याकाळी हरिश्चंद्रराव सुती दोरी घेऊन भाट्याच्या खाडीवर गेलेही. पाणी गढूळ नव्हतंच, चांगलं निवळ होतं, म्हणून ते रेशीम आणायला घरी आले. रेशीम घेऊन गेले तोवर भरतीचा जोर वाढला होता, म्हणून तागासाठी परत फिरले. ताग घेऊन पोचले तर ओहोटी लागून पुढ्यात नुसता चिखल होता आणि त्यात एक बगळा उभा होता. बगळ्याजवळ कुठलीच दोरी नव्हती आणि त्याच्या चोचीत मासा होता.

दरम्यान पुढचा रविवार एकदा येऊन गेला होता. सुंभाचा दोर आला नव्हता.

आणि मग तो रविवार उजाडला. दुपारच्या मोटारीनं आबा यायचे होते. हरिश्चंद्रराव पहाटेच उठून रेशीम लहान रिळावर आणि ताग मोठ्या रिळावर चढवून, लहान रीळ काठीला बांधून, आज काय वाटेल ते होवो, तांबोशी आणायचीच, असं ठरवून उंबऱ्यात उभे होते. तेवढ्यात मागच्या अंगाला कप्पी एकदा करकरली, गप्प झाली, आणि खोल कुठंतरी धप्प असा आवाज झाला.

ते धावत गेले. आनंदीबाई विहिरीच्या काठाला हात टेकून खाली बघत होत्या. कप्पीवर दोराचा तुकडा लोंबत होता आणि तुकड्याच्या टोकाला हरिश्चंद्ररावांची सुंदर गाठ अर्धी सुटून लटकली होती.

"काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"आईची कळशी."

ती कळशी म्हणजे काय हे हरिश्चंद्ररावांना सांगायला नको होतं. तांब्याची, रुंद गळ्याची, लग्नात आनंदीबाईंच्या आईनं दिलेली. आई स्वतः ती डोक्यावर घेऊन नदीवर जायची. कळशीच्या पोटावर एका बाजूला खोल पोचा होता. फार पूर्वी आईनं ती नदीकाठच्या खडकावर ठेवली होती आणि गरीला लागलेल्या माशामागं काठाकाठानं धावणाऱ्या गंगारामआबांची लाथ तिला बसली होती. मासा गेला, पोचा राहिला. लेकीला देईपर्यंत आई कळशी घासताना तो पोचा वर करायची आणि म्हणायची, "हा बगा तुमचा मासा." आई जाऊन तीन पावसाळे झाले होते. आबा दर वेळी लेकीकडे आले की आधी कळशीतलं पाणी मागायचे.

आनंदीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. "दोन रविवार गेले," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं हात पुसत बसल्या. हरिश्चंद्ररावांना त्या क्षणी आपल्या हातातल्या इंग्लिश रिळाची शरम वाटली. आपण बायकोचं साधं एक काम केलं नाही आणि तिच्याकडे तिच्या आईचं जे होतं ते घालवलं, हे त्यांना अगदी स्वच्छ कळलं. ते हातातली काठी टाकून म्हणाले, "आबा यायच्या आत कळशी वर काढतो. तांबोशी राहू दे."

समोरच्या सोनूबाईंकडे विहिरीत पडलेलं भांडं काढायचा गळ होता. लोखंडाचे चार वाकडे काटे, मध्ये कडी. साऱ्या आळीत तो एकच. तो मागायला जायचं तर बदली एक भांडं त्यांच्याकडे ठेवावं लागे, म्हणजे गळ परत येण्याची खात्री. शिवाय काय पडलं, कसं पडलं, कुणाच्या हातून पडलं, हे सगळं सांगावं लागे. आनंदीबाई तांब्या ठेवून आणि सगळं सांगून गळ घेऊन आल्या.

"आता बाजारातून दोर आणा," त्या म्हणाल्या.

खरं म्हणजे हरिश्चंद्रराव निघालेच होते. पण दोन पावलांवर ते थांबले. (हेच ते वळण. माणूस पश्चात्तापातही आपल्या अकलेवरचा विश्वास सोडत नाही.) "अगं, सुंभाचा दोर जाड. गळ कळशीला लागला की नाही हे हाताला कळणारच नाही. विहिरीचं पाणी म्हणजे कसं? संथ, निवळ, खडक नाहीत, ओढ नाही. अशा पाण्याला नियमानं रेशीम. लहान रीळ."

"कळशी जड हाय."

"पाण्यात काही जड नसतं."

हे मात्र खरं ठरलं. रेशमाला गळ बांधून त्यांनी तो खाली सोडला, रीळ गोड कर्ररत राहिलं, आणि थोड्याच वेळात दोरीतून बोटाला कळशीच्या गळ्याचा स्पर्श अगदी स्पष्ट जाणवला. "लागली," ते कुजबुजले, जणू मोठ्यानं बोललं तर कळशी पळून जाईल. त्यांनी मूठ फिरवायला सुरुवात केली. कळशी पिसासारखी वर येऊ लागली. पाण्याखाली तांबूस गोल दिसला. आनंदीबाई उठून उभ्या राहिल्या. कळशीचं तोंड पाण्याबाहेर आलं, पाठोपाठ पोटभर पाण्यासकट कळशी पाण्याबाहेर आली, आणि पाण्याबाहेर आल्यावर तिचं जे वजन असतं ते झालं. काठी वाकली, ओलं रेशीम ताणलं गेलं आणि रिळाजवळ तुटलं. कळशी विहिरीच्या चिऱ्यावर ठण्णकन आपटून पुन्हा तळाशी गेली. सोबत सोनूबाईंचा गळ गेला.

"चूक कुठं झाली ते कळलं," हरिश्चंद्रराव म्हणाले. "जड वस्तू आहे. म्हणजे याला समुद्राचा नियम लागू."

समुद्राचा नियम म्हणजे मोठं रीळ, तागाची दोरी आणि टोकाला मोठ्या गऱ्या. हे रीळ काठीला पेलणारं नव्हतं, म्हणून त्यांनी ते कप्पीच्या खांबाला बांधलं. गऱ्या खाली गेल्या, कशाला तरी अडकल्या, घट्ट बसल्या. हरिश्चंद्ररावांनी दोन्ही हातांनी ओढ घेतली. मुसाची दोरी तुटली नाही. (हे मुसा पुढं जन्मभर लोकांना सांगत असे.) तुटली ती सुतळी, जिनं रीळ खांबाला बांधलं होतं. दोरीची इतकी निवड करणाऱ्या माणसानं रीळ मात्र हाताला लागलेल्या पहिल्या सुतळीनं बांधलं होतं. लाकडी रीळ त्यांच्या कानाजवळून गेलं, काठावर एकदा उडालं आणि तागासकट विहिरीत दिसेनासं झालं.

राहिली सुती. ती विहिरीपर्यंत गेलीच नाही. जोर बघावा म्हणून हातात ताणली तर शिजलेल्या शेवईसारखी तुटली. सालीत ती फार वेळ उकळली होती.

तेवढ्यात अंगणात खाकरल्याचा आवाज आला. आबांची मोटार त्या दिवशी वेळेवर आली होती. असं तेव्हा वर्षातून एखादेच वेळी व्हायचं.

गंगारामआबा पाय धुऊन पडवीत बसले, जावयाला क्षेमकुशल विचारलं आणि सवयीनं हातभर लांब सरकले. आनंदीबाईंनी भांड्यातून पाणी दिलं. आबांनी भांड्याकडे बघितलं, मग माजघराच्या दारातून आतल्या रिकाम्या तिवईकडे बघितलं.

"कळशी दिसत नाय."

"कल्हईला दिलीय," आनंदीबाई म्हणाल्या.

"पाण्याच्या कळशीला कल्हई?"

"शहरात करतात."

आनंदीबाई आयुष्यात पहिल्यांदाच वडिलांशी खोटं बोलल्या होत्या, आणि सवय नसल्यामुळं त्यांना ते नीट जमलंही नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. खांबाआड जाऊन उभ्या राहिलेल्या हरिश्चंद्ररावांना गलबलून आलं. सकाळपासून हिनं एक वाकडा शब्द उच्चारला नाही, आणि आता माझी लाज राखायला ही बापापुढं खोटं बोलतेय. छे. सांगून टाकलं पाहिजे. ते पुढं झाले, घसा साफ केला, "मामा," असं म्हणाले, आणि त्याच वेळी फाटकातून सोनूबाई तांब्या घेऊन आल्या.

"हा तुमचा तांब्या घ्या नि माझा गळ द्या. खालच्या आळीत हंडा पडलाय विहिरीत."

आनंदीबाईंनी तांब्या हातात घेतला.

"गळ कुठाय?" सोनूबाईंनी विचारलं.

"विहिरीत," हरिश्चंद्रराव म्हणाले.

"अजून काढताय? कळशी सापडली नाय काय?" मग त्यांचं लक्ष पडवीतल्या पाहुण्यांकडे गेलं. "अगंबाई, आबा आले काय? बरं झालं. तुमच्याच बायकोची कळशी हो ती."

गंगारामआबा उठले. चालत विहिरीपाशी गेले. आत डोकावले. बराच वेळ डोकावले. मागोमाग हरिश्चंद्रराव गेले आणि बोलणी खायला मान खाली घालून उभे राहिले. दोर न आणल्यापासून सुती दोरी तुटेपर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं. आबांनी ऐकून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, "रेशीम एकपदरी घेतलात का विणलेलं?"

"विणलेलं."

"तरी तुटलं?"

"रिळाजवळ तुटलं, मामा. गाठीजवळ नाही."

"ओलं झालं की रेशमाचा जोर जातो," आबा म्हणाले. "मी तर नदीवर घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करतंव. पाण्यात दिसत नाय, कुजत नाय."

"पण ती रिळावर चढेल का?"

"रीळ? बगू तुमचं रीळ."

हरिश्चंद्ररावांनी पितळी रीळ आणून दिलं. गंगारामआबांनी मूठ एकदा फिरवली. कर्रर्र. त्यांनी पुन्हा फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर लिलावाच्या दिवशीचा हरिश्चंद्ररावांचा चेहरा उमटला. ते काठावर बसले. हरिश्चंद्रराव जपून अंतर राखून बसले. घोड्याचा केस खाऱ्या पाण्यात चालेल का, ताग खाडीत वापरला तर शेंगटी माशाच्या काट्यानं फाटतो का, रेशमाला मेण लावलं तर, असं एकेक निघत गेलं. रेशमाचं टोक दाखवायला हरिश्चंद्ररावांनी हात पुढं केला तेव्हा आबा ते बघायला सरकले आणि परत लांब जायचं विसरले. ते हातभर अंतर असं नाहीसं झालं. माडांच्या सावल्या अंगणभर लांबल्या, बंदरावर बोटीचा भोंगा झाला, आणि कचेरीत लागल्यापासून पहिल्यांदाच हरिश्चंद्ररावांनी तो ऐकला नाही.

आनंदीबाईंनी मात्र पायात वहाणा घातल्या, बाजारात गेल्या आणि सुंभाचा दोर घेऊन आल्या. आंबे काढायच्या काठीची लोखंडी आकडी सोडवून त्यांनी ती दोराला बांधली, सोनूबाईंना दोराचं दुसरं टोक धरायला दिलं आणि बोलत बसलेल्या दोन पुरुषांना जरा बाजूला सरका म्हणून सांगितलं. ते सरकले, बोलणं थांबलं नाही.

आकडी खाली गेली, फिरली, काहीतरी धरलं. दोघी बायकांनी दोर ओढला. आधी वर आलं लाकडी रीळ. रिळामागं तागाची दोरी. दोरीच्या टोकाला गऱ्या, गऱ्यांत अडकलेला सोनूबाईंचा गळ, आणि गळाला अजूनही धरून राहिलेली, पाणी सांडत, हेलकावत, आईची कळशी.

"बघा," हरिश्चंद्रराव म्हणाले, "तागाची दोरी होती म्हणून." त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. सोनूबाई गळ घेऊन हंड्याकडे गेल्या.

आनंदीबाईंनी कळशी मांडीवर घेतली आणि लहान मुलाला पुसावं तशी पदरानं पुसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसतही होत्या. जुना पोचा जागेवर होता. त्याच्याच शेजारी, चिऱ्यावर आपटल्याचा एक नवा पोचा पडला होता.

आबांनी कळशी मागून घेतली. जुन्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग नव्यावरून फिरवला. बायकोची आठवण आली असणार, असं वाटून हरिश्चंद्ररावांनी नजर दुसरीकडे वळवली.

"माझा मोठा व्हता," गंगारामआबा म्हणाले.

त्या दिवशी पाहुण्याला तांबोशी मिळाली नाही. कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा होता, भात किंचित तुरट होता, आणि आबांनी तो कळशीतल्या पाण्याबरोबर पोटभर खाल्ला. तो गडग्याचा दावा पुढं कितीतरी वर्षं चालला. दर तारखेला आबा यायचे, दर तारखेला सासरा-जावई काठावर बसून दोरीबद्दल बोलायचे, आणि त्या रिळानं कधी एक मासा पकडला नाही. आता आबा नाहीत, हरिश्चंद्ररावही नाहीत. नळ आल्यापासून त्या विहिरीत कुणी डोकावतसुद्धा नाही. पण भांड्याला भांडं लागून कुठं ठण्ण असा आवाज झाला की त्या आळीतल्या जुन्या माणसांना अजून तो रविवार आठवतो.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना कोर्टाच्या वाटेला लावून हरिश्चंद्रराव घरी आले. आनंदीबाई चुलीपुढं पाठमोऱ्या बसून घावनं घालत होत्या. कळशी तिवईवर होती. हरिश्चंद्ररावांनी वहाणा काढल्या, आवाज न करता माजघरात गेले आणि कुणी बघत नाहीसं पाहून आधी आबांच्या पोच्यात अंगठा घातला. तो पहिल्या पेरापर्यंत आत गेला. मग त्यांनी तो आपल्या पोच्यात घातला. थोडा दाबून बघितला.

"आबांचाच मोठा हाय," आनंदीबाई तव्यावरचं घावन उलटताना मागं न बघता म्हणाल्या. "मी कालच बोट घालून बघितलं."